एकच गंजी

दि. ९ ऑक्टोबर, सोमवार

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र शनिवारी मिळाले. पाठ दुखायची थांबली हे वाचून बरे वाटले. क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या माणसाने झोपताना उशी घेऊ नये, असे मला वाटते. पण हे माझे मत आहे, ज्ञान नव्हे, तेव्हा डॉक्टरला विचारून घे.

माझी प्रकृती वयाला शोभेल अशी आहे. गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणाला, ‘झिजलाय.’ मी विचारले, ‘या वयात किती झिजलेला योग्य धरतात?’ त्याने मलम दिले. स्वयंपाकघराचे छप्पर एके ठिकाणी गळते, तिथे सध्या पातेले ठेवले आहे.

फोन का उचलत नाहीस, असे तू पुन्हा विचारले आहेस. कारण जुनेच. फोनवर माणूस मुद्द्याला उत्तर देत नाही, आवाजाला देतो. लिहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येते. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून मी स्वतः जर काही शिकले असेन तर एवढेच, की जे तपासता येत नाही त्याला हो म्हणू नये.

आता मुख्य विषय. कुरण आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून एका वादात मला तुझे मत हवे आहे. ते लेखी हवे आहे.

बाबांनी घालून दिलेली रीत तुला ठाऊक आहे. तरी वादाची मांडणी मुळापासून करावी म्हणून सांगते. गवत तुझा शाळेतला मित्र एक्सप्रेस कापतो, वाळवतो आणि रचतो. निम्मे त्याच्या कष्टाचे, निम्मे आपले. तो दोन गंज्या रचतो आणि त्यातली आपली कोणती हे आपण ठरवतो. जो वाटणी करतो तो निवडत नाही आणि जो निवडतो तो वाटणी करत नाही. बाबांनी हे कुठल्या ग्रंथात वाचले नव्हते. तुझ्या-माझ्या सफरचंदाच्या भांडणातून त्यांनी ते काढले. तू कापायचास, मी निवडायचे, आणि मग तू भोकाड पसरायचास, कारण तुझ्या दोन फोडी कधी सारख्या झाल्या नाहीत.

एक्सप्रेसच्या गंज्या मात्र दरवर्षी इतक्या सारख्या असत की मी नुसते बोट दाखवायची. यंदा मी कुरणावर गेले तर एकच गंजी उभी होती. उत्तम रचलेली. माथा नीट उतरता, पाणी साचणार नाही असा. पायथ्याला दगड आणि फांद्या घालून जमिनीची ओल तोडलेली. तो शिडीवरून उतरत होता. तुला त्याचे उतरणे माहीत आहेच. एका पायरीवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायाचा विचार करतो. हे टोपणनाव तू त्याला शाळेत दिलेस त्याला आता इतका काळ लोटला की त्याच्या बायकोलाही त्यातला विनोद जाणवत नाही.

मी म्हटले, ‘दुसरी कधी रचणार?’

‘दुसरी काय?’

‘गंजी.’

‘ताई, दुसरी कशाला?’

मी विचारले, की आपला वाटा कुठे गेला. तो म्हणाला, ‘वाटा खाणाऱ्याचा असतो. बाबांच्या वेळी तुमच्याकडे गोठा भरलेला होता, म्हणून निम्मं. तोंडं कमी झाली की वाटा कमी. माझ्याकडे यंदा गायी वाढल्यात.’

मी म्हटले, ‘वाटा जमिनीचा आहे.’

‘जमीन गवत खाते का?’

‘घर भाड्याने दिलं तर भाडं काय भिंती खातात?’

यावर तो हसला, आणि त्याची बायको गवत ओढता ओढता थांबून म्हणाली, ‘तुम्ही दोघं भांडा. पाऊस आला की मला हाक मारा.’

मी त्याची बाजू शक्य तेवढी बळकट करून मांडली आहे, कारण तो स्वतः लिहिणार नाही. पत्र लिहायचे म्हटले की त्याचा हात दुखतो. प्रश्न असा: निम्मा वाटा जमिनीचा, की खाणाऱ्या तोंडाचा? तू सांगशील ते मी मान्य करीन. त्यालाही करावे लागेल, असे मी त्याच्याकडून वदवून घेतले आहे.

तबेल्यातल्या मॅडमची चौकशी केली आहेस. तिची काळजी करण्याचे कारण नाही.

यंदा रजा मिळणे अवघड आहे असे तू लिहितोस, आणि पुढच्याच ओळीत, ‘पण मॅडमसाठी जमवीन.’ पहिले वाक्य वाचून वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, दुसरे इतके लगेच होते. रजेचे ठरले की कळव, म्हणजे वरच्या खोलीतले पलंगावरचे पुस्तकांचे ढीग हलवते.

तुझी,
ताई



दि. २४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा निकाल मिळाला. पार्सलही मिळाले. खराऱ्याचा ब्रश चांगला आहे, दांडा हाताला बसतो.

निकालाबद्दल आभार, पण त्यात एक दोष आहे आणि तो दाखवणे मला भाग आहे. तू लिहितोस, ‘मॅडमचं निम्मं म्हणजे निम्मं! एक्सप्रेसला वेड लागलंय का? म्हातारीच्या तोंडचा घास काढतो! आलो की बघतोच त्याला.’ म्हणजे निष्कर्ष माझा, आणि कारण त्याचे. वाटा आपल्याला का मिळावा, तर आपल्याकडे खाणारे तोंड आहे म्हणून. हेच तर एक्सप्रेस म्हणतो. तू मला जिंकवून दिलेस आणि जिंकवताना त्याचे तत्त्व मान्य केलेस. अशा निकालावर मी समाधानी राहू शकत नाही.

म्हणून प्रश्न पुन्हा विचारते. समज, आपल्याकडे एकही जनावर नाही. गोठा रिकामा, तबेला रिकामा. तरीही निम्मा वाटा आपला का? नीट विचार करून लिही. घाई नाही.

हे मी काल लिहायला बसले तेव्हा तुझे नंतरचे कार्ड आले नव्हते. ते आज आले. रजा मंजूर झाली, चार तारखेला निघतोस, दोन दिवस राहणार. म्हणजे घाई आहे.

तू येतोस याचा मला आनंद आहे. हे वाक्य मी तपासून पाहिले. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. कार्डावर तू लिहिले आहेस, ‘तिला सांग, मी येतोय.’ मी तबेल्यापर्यंत गेले आणि परत आले.

पत्र इथेच थांबवते. पुस्तके हलवायची आहेत.

तुझी,
ताई



दि. २७ ऑक्टोबर, शुक्रवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तू निघण्यापूर्वी हे तुझ्या हाती पडावे म्हणून आजच जलद टपालाने पाठवत आहे.

मॅडम गेली. मे महिन्याच्या शेवटी गेली.

आजारी नव्हती. सकाळी मी तबेल्याचे दार उघडले तेव्हा ती आडवी होती आणि उठायचा प्रयत्न करत नव्हती. तुला माहीत आहे, मी आत शिरले की ती तोंड फिरवायची. ‘एका घरात दोन मॅडम नांदत नाहीत’ असे म्हणून तू हसायचास. त्या दिवशी तिने तोंड फिरवले नाही. मी एक्सप्रेसला बोलावले, एक्सप्रेसने पशुवैद्याला. पशुवैद्य गुडघ्यावर बसला, तिच्या छातीला कान लावून ऐकले आणि म्हणाला, ‘वय झालंय, बाई. तिला काही होत नाहीये. फक्त संपत आलंय.’ मी तिचे डोके मांडीवर घेतले. डोके फार जड असते हे मला ठाऊक नव्हते. दुपारी गेली. तिला त्रास झाला नाही, असे मी पाहिले. म्हणजे मला दिसले नाही. याहून जास्त खात्रीने सांगता येणार नाही.

कुरणाच्या वरच्या कडेला, उताराच्या अलीकडे, एक्सप्रेस आणि त्याच्या भावांनी तिला पुरले. यंदा कापणीच्या वेळी त्याने तेवढी जागा सोडून विळा फिरवला. ते उभे गवत कोणाच्या वाट्यात धरायचे, हा प्रश्न मी उपस्थित केला नाही.

आता माझी मागची पत्रे काढून पाहशील तर त्यात एकही खोटे वाक्य तुला सापडणार नाही. त्या काळजीने मी ती लिहिली. तिची काळजी करण्याचे कारण नाही, हे खरेच होते. गंजीखाली एक्सप्रेस म्हणाला होता, ‘ताई, दुसरी आता कशाला?’ मी त्यातला ‘आता’ गाळला. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याची उत्तरपत्रिका परत केली असती. सगळी वाक्ये खरी आणि उत्तर खोटे. हा प्रकार मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवत असे, आणि मुले विचारत, ‘असं मुद्दाम कोण करतं, बाई?’

का केले, ते सांगण्यापूर्वी परवा काय घडले ते ऐक.

तुझा निकाल घेऊन मी एक्सप्रेसच्या अंगणात गेले. खरे तर तो निकाल वापरायला मी अपात्र होते; पुरावा दडवून मिळवलेला निकाल कोणालाच बांधत नाही. पण तुझे कार्ड आले होते, चार तारीख जवळ येत होती, आणि आपल्या अंगणात गंजी नव्हती. मला दुसरे काही सुचले नाही. एक्सप्रेस दाताळ्याचा तुटलेला दात बसवत होता, त्याची बायको दुधाच्या बरण्या उपड्या घालत होती. मी पत्र मोठ्याने वाचले. ‘म्हातारीच्या तोंडचा घास काढतो’ इथपर्यंत आल्यावर तो मोठ्याने हसला.

‘जुनं पत्र काढलंत की काय, ताई?’

‘गेल्या आठवड्यातलं आहे.’

त्याने दाताळे खाली ठेवले. ‘म्हणजे त्याला ठाऊकच नाही?’

‘तो विषय वेगळा आहे.’

‘विषय वेगळा?’ त्याची बायको हातातली बरणी घेऊन उठली. ‘अहो, तो तिकडून ब्रश पाठवतोय! पोस्टमननं दाखवलं मला पार्सल. मला वाटलं, तुमच्या केसांना असेल.’

मी म्हटले, ‘माझ्या केसांना एवढा ब्रश?’

‘मी म्हटलं, असेल शहरातली फॅशन.’

एक्सप्रेस उठला. धाकट्या, तो घाईने उठला. मी त्याला आजवर असे उठताना पाहिले नव्हते. गंजी कापायचा लांब पात्याचा सुरा त्याने भिंतीवरून उतरवला आणि कुरणाकडे चालू लागला. मला गुडघ्यामुळे मागे राहावे लागले. पोहोचले तेव्हा तो शिडीवर चढून गंजीच्या माथ्यापासून खाली सुरा ओढत होता.

‘काय करतोस हे?’

‘निम्मं करतोय.’

‘रचलेली गंजी कापतात का? पाणी शिरेल.’

‘शिरू दे. तुमच्या अंगणात आज ही गंजी उभी राहील. तो आला आणि अंगण रिकामं दिसलं तर फाटकातूनच वळेल तो.’

‘तुला पुरणार नाही मग.’

‘मी बघीन माझं.’

‘तो गंजी बघायला येत नाही,’ मी म्हटले.

‘मग काय बघायला येतो?’

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तो वरून म्हणाला, ‘मला काय विचारता? मी का त्याची बहीण आहे?’

मी काही विचारलेच नव्हते. पण तो प्रश्न मी तिथे, गंजीला हात टेकून, स्वतःला विचारला. कापलेल्या बाजूने आतले गवत दिसत होते, थरावर थर, बाहेरच्यापेक्षा अजून हिरवे. आणि मला माझ्याच युक्तिवादाची सगळी साखळी दिसली. निम्मे गवत सोडले, तर घोडी गेल्याचे मान्य केले. घोडी गेल्याचे मान्य केले, तर ते तुला सांगावे लागणार. तुला सांगितले, तर तुझ्या येण्याचे कारण गेले. म्हणून निम्मे गवत सोडायचे नाही. वाटा जमिनीचा आहे हे मी इतक्या आवेशाने सिद्ध करत होते ते जमिनीसाठी नव्हे. एका गरजू माणसाच्या गायींचा चारा मी अडवून धरला होता, तो केवळ एक पायरी पुढे जायला नको म्हणून.

तू येतोस तेव्हा काय होते, ते आठवून पाहा. पिशवी पायरीवर टाकून तू तबेल्यात जातोस. बाह्या दुमडतोस आणि खरारा घेतोस. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. आणि मग आपण बोलतो. तुझे लग्न मोडल्याचे तू मला मॅडमची मान घासता घासता सांगितलेस, माझ्याकडे एकदाही न बघता. माझ्या ऑपरेशनचे मी तुला तिच्या खुरांकडे बघत सांगितले, आणि तू, ‘पाय उचल गं,’ असे तिला म्हणालास. आवाज मात्र वेगळा आला, तो मला उद्देशून होता हे मी समजले. आई गेली त्या वर्षी तर आपण दोघांनी मिळून मॅडमला इतके घासले की एक्सप्रेस म्हणाला, ‘पुरे, कातडी राहू द्या.’ घरात, टेबलावर, समोरासमोर बसून आपण जेवणाव्यतिरिक्त काय बोललो? आपण सगळे तिच्या पाठीवरून बोलत आलो. ती मध्ये उभी नसेल तर आपल्याला एकमेकांशी बोलता येते की नाही, याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही.

एवढेच दडवत होते.

मी एक्सप्रेसला खाली उतरायला सांगितले. म्हटले, ‘कापू नकोस. सगळी तुझी. तुझं म्हणणं बरोबर होतं, वाटा तोंडाचा असतो.’

तो शिडीवरच बसला. ‘वा, ताई! भांडून भांडून मला पटवलंत की निम्मं जमिनीचं. मला पटलं, तर आता म्हणता तोंडाचं!’

‘तुला कधी पटलं?’

‘घर आणि भाडं म्हणालात तेव्हाच. बायकोसमोर कबूल कसं करायचं?’

‘मला माहीत होतं,’ त्याची बायको मागून म्हणाली. तीही येऊन पोहोचली होती, बरणी हातातच.

‘फुकटचं गवत मी घेणार नाही,’ तो म्हणाला. ‘उद्या कोणी म्हणेल, ताईंचं जनावर गेलं आणि यानं कुरण गिळलं.’

मग आम्ही पुन्हा भांडलो, या वेळी जागा बदलून. तो माझी बाजू मांडत होता, आणि सांगायला हवे, बरी मांडत होता. बाबांच्या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती मला तेव्हा कळली. वाटणी न्याय्य व्हायला दोघांनाही जास्त हवे असावे लागते. दोघेही ‘तू घे’ म्हणू लागले की ती रीत चालत नाही. सफरचंदाच्या वेळी हा प्रसंग आपल्यावर कधी आला नव्हता.

शेवटी तोडगा मी काढला. गंजी त्याने अर्धवट कापली होतीच. ती पुरी कापून त्याने दोन केल्या. निवडायचा अधिकार माझा. मी लहान निवडली. म्हणजे मोठी रीतसर त्याची झाली, त्याला बोलायला जागा उरली नाही. मग मालकाच्या अधिकारात मी सांगितले की आमची गंजी पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या गोठ्यामागे ठेवावी. वाटा आमचा, जागा त्याची. कुंपण नाही. गायींनी त्यात तोंड घातले तर ते मोजायला मी येणार नाही.

तो बराच वेळ विचार करत राहिला. त्याचा विचार त्याच्या उतरण्यासारखाच असतो.

‘हे कायद्यात बसतं?’

‘तर्कात बसतं.’

‘मग दुधाचं एक भांडं रोज तुमच्याकडे येईल. तेही तर्कात बसवा.’

बसवले. दूध कालपासून येते. दोन्ही गंज्यांचे माथे त्या नवराबायकोने काल पुन्हा शाकारले आणि वर ताडपत्री ओढली. आपल्या अंगणात काही नाही. फाटकातून सरळ तबेल्याच्या दारापर्यंत दिसते.

या व्यवस्थेला सहमालक म्हणून तुझी संमती लागते, तेव्हा तू यायलाच हवे, असे मी इथे लिहिले होते. वर खोडलेल्या दोन ओळी त्याच आहेत. संमती पत्राने देता येते. मग लिहिले की छप्पर गळते. त्यासाठी गवंडी आहे. मग लिहिले की एक्सप्रेसला तुला बघायचे आहे. ते खरे आहे, पण ते त्याचे कारण झाले, माझे नव्हे. एकेक कारण काढून तपासले आणि ठेवून दिले.

तुझी रजा तू घोडीसाठी मागितली होतीस. आता ती रद्द केलीस तर तुझे वागणे सुसंगतच ठरेल, मी त्यात दोष दाखवू शकणार नाही. चार तारखेला तू आला नाहीस तर मी समजेन.

पण तू ये.

याला कारण जोडलेले नाही. जोडायला गेले की ते वाक्य लहान होते, असे आज सकाळपासून अनुभवते आहे. मला तू यायला हवा आहेस. तबेल्यात जायचे असेल तर आधी जाऊन ये. मी बरोबर येईन किंवा येणार नाही, तू म्हणशील तसे. वरच्या कडेलाही जाऊ, चढाला मला तुझा हात लागेल. त्यानंतर स्वयंपाकघरात बसू. टेबलाच्या दोन बाजूंना बसू, आणि सुरुवातीला कुठे बघावे ते दोघांनाही कळणार नाही. मी बटाटे सोलायला काढून ठेवीन. काही सुचले नाही तर सोलत बसू. नुसते बसलो तरी मला ते पुरेसे आहे. हे मी तपासलेले नाही, तरी लिहिते.

फाटक ढकलून ये. दार आतून लावलेले असते, बाहेरची कडी वाजव. मला उठायला वेळ लागतो. म्हणून वाजवून लगेच फिरू नकोस, थांब.

तुझी वाट पाहणारी,
ताई